पाळी चुकली तर दोन आठवड्यांत

माझ्याकडे आलेल्या पण कधीच न्यायालयात दाखल न झालेल्या प्रकरणांच्या फायली मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात वेगळ्या ठेवते. नाशिकमध्ये इतकी वर्षे वकिली केल्यावर तो कप्पा आता नीट बंद होत नाही. त्यातल्या एका फायलीत जेमतेम पाच कागद आहेत: केसपेपर, कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र, माहितीच्या अधिकारात मिळवलेली संमतीपत्राची छायाप्रत, आम्ही पाठवलेली नोटीस आणि तिला आलेले उत्तर. मागच्या आठवड्यात एका तरुण सहकारी मुलीने मला विचारले की, ऑपरेशन करूनही मूल झाले तर डॉक्टरवर दावा लागतो का. तिला उत्तर देताना ती फाईल मी पुन्हा बाहेर काढली, आणि जे तिला तोंडी सांगितले ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

या फायलीतली बाई मूळची पेठ तालुक्यातली. नवरा दिंडोरीकडे एका द्राक्षबागायतदाराच्या मळ्यावर सालाने होता, आणि मळ्यावरच्या खोलीत यांचा संसार. दुसऱ्या बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी तिने टाक्याचे ऑपरेशन करून घेतले. हे तिने स्वतःच्या मर्जीने केले, ही गोष्ट तिने मला पहिल्याच भेटीत ठासून सांगितली: "ताई, मला कोणी बळजबरी नाही केली. दोन झाली, पुरे झाली, म्हणून मीच गेले." पुढे महिन्याभराने आशाताईने प्रमाणपत्र घरपोच आणून दिले. बाळ अंगावर पीत होते, त्यामुळे पाळी परत सुरू झालेली नव्हती, आणि त्यात तिला वावगे काही वाटण्याचे कारणही नव्हते. पहिल्या मुलाच्या वेळीही वर्षभर पाळी आली नव्हती. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत ती दिवसभर उभी राहून काम करीत होती. थकवा, मळमळ, चक्कर या सगळ्याला तिच्याकडे उन्हाचे आणि कामाचे कारण तयार होते. पोटात काहीतरी हलल्यासारखे वाटले तेव्हा ती दवाखान्यात गेली, आणि तिथे तिला सांगण्यात आले की पाच महिने उलटून गेले आहेत, आता काही करता येणार नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा ती तिसरी मुलगी तिच्या कडेवर होती आणि माझ्या टेबलावरचे शिक्के एकेक करून खाली टाकत होती.

पहिल्यांदा वैद्यकीय बाजू सांगायला हवी, कारण आपल्याकडे याबाबत दोन टोकाचे समज आहेत. एक असा की ऑपरेशन फेल गेले म्हणजे डॉक्टरने हयगय केलीच; आणि दुसरा, त्याहून वाईट, असा की ऑपरेशन फेल जाऊच शकत नाही, तेव्हा बाईचेच काहीतरी काळेबेरे असणार. (हा दुसरा समज किती घरांत मारहाणीपर्यंत गेला आहे, हे कौटुंबिक न्यायालयात बसणाऱ्याला विचारावे.) खरी गोष्ट अशी की, उत्तम हातांनी केलेली शस्त्रक्रियाही काही वेळा निष्फळ ठरते. कापलेल्या गर्भनलिकेची टोके पुन्हा जुळू शकतात, त्यांच्यात बारीक वाट तयार होऊ शकते. बाळंतपणानंतर लगेच शस्त्रक्रिया केली तर नलिका सुजलेल्या असतात आणि सूज उतरल्यावर बांधलेला दोरा सैल पडू शकतो. बिनटाक्याच्या, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत घातलेली रिंग सरकू शकते. क्वचित शस्त्रक्रियेच्या दिवशीच बाईला दिवस गेलेले असतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत 10,685 स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून 1996 मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 10 वर्षांत दर हजारी 18.5 स्त्रियांना गर्भ राहिल्याचे आढळले, आणि कमी वयात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होते. आपल्याकडे पंचविशीच्या आसपासच ही शस्त्रक्रिया उरकली जाते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शेवटच्या वाक्याचे वजन कळते. शिवाय असा गर्भ राहिला तर तो गर्भाशयाऐवजी नलिकेतच वाढण्याचा धोका बराच असतो, आणि नलिका फुटली तर बाईच्या जिवावर बेतते. म्हणजे पाळी चुकल्यावर लगेच तपासणी करणे हा तिच्या जिवाचाही प्रश्न असतो.

याउलट काही अपयशे सरळसरळ निष्काळजीपणाची असतात. नलिका समजून तिच्या शेजारचा गोल बंधच बांधणे, किंवा एकच नलिका बांधून दुसरी तशीच सोडणे. हरियाणा राज्य विरुद्ध संतरा या खटल्यात नेमके हेच घडले होते. सात मुले असलेल्या त्या मजूर स्त्रीची 1988 मध्ये गुडगावच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती पूर्ण झाल्याचे तिला लिहून मिळाले. पुढे तिला संशय आला तेव्हा 'तू गरोदर नाहीस' असे सांगून परत पाठवण्यात आले, आणि गर्भ उघड दिसू लागल्यावर, आता गर्भपात जिवाला धोकादायक आहे, असे सांगण्यात आले. डॉक्टरांनी उजव्या बाजूची नलिकाच तेवढी बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली तिची 54,000 रुपयांची भरपाई कायम केली आणि कर्मचाऱ्याच्या हयगयीची जबाबदारी राज्यावर येते, हेही स्पष्ट केले.

या निकालानंतर अशा दाव्यांना बळ आले, पण ते पाच वर्षेच टिकले. ऑगस्ट 2005 मध्ये पंजाब राज्य विरुद्ध शिव राम या खटल्यात सरन्यायाधीश लाहोटी यांच्या पीठाने सांगितले की, शस्त्रक्रियेनंतर मूल झाले एवढ्यावरून डॉक्टरला दोषी धरता येणार नाही. हयगय स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागेल, किंवा शस्त्रक्रिया शंभर टक्के यशस्वी होईल अशी हमी दिल्याचे दाखवावे लागेल. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. विज्ञान जे देऊ शकत नाही ते डॉक्टरकडून मागण्यात न्याय नाही. पण निकालात आणखी एक पायरी आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा 1971 मध्येच, गर्भनिरोधनाचे साधन अपयशी ठरल्यास गर्भपात करता येईल, अशी तरतूद आहे. तेव्हा शस्त्रक्रियेनंतरही गर्भ राहिल्याचे समजल्यावर दांपत्याने तो वाढवायचे ठरवले, तर ते मूल 'नको असलेले' राहत नाही आणि त्याच्या पालनपोषणाचा खर्च मागता येत नाही, असे न्यायालय म्हणते.

'समजल्यावर' या एका शब्दावर तो सारा युक्तिवाद उभा आहे, आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईला ते समजले होते पाच महिने उलटल्यावर. तेव्हाच्या कायद्याने 20 आठवड्यांनंतर दरवाजा बंद होत असे. (2021 च्या दुरुस्तीने काही ठरावीक स्त्रियांसाठी ती मर्यादा 24 आठवड्यांपर्यंत वाढली आणि 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले.) मुलगी वाढवायची असे तिने ठरवले नव्हते. ठरवण्याची वेळ निघून गेल्यावर तिला कळले होते.

तेव्हा खरा प्रश्न असा की, तिला वेळेत का कळले नाही. इथे मी माहितीच्या अधिकारातले संमतीपत्र टेबलावर ठेवते. ते मराठीत आहे, छापील आहे, आणि खरे सांगायचे तर त्याच्या मसुद्यात फारसे काही सुटलेले नाही. इतर गर्भनिरोधक साधनांची माहिती दिली आहे, शस्त्रक्रिया कायमस्वरूपी आहे, ती अयशस्वी होण्याची शक्यता आहे, शस्त्रक्रियेपूर्वी केव्हाही मी माझा निर्णय बदलू शकते, आणि पाळी चुकल्यास दोन आठवड्यांच्या आत मी दवाखान्यात येईन व तेथे मला मोफत गर्भपाताची सोय मिळेल. सगळे आहे. खाली तिचा अंगठा आहे आणि साक्षीदार म्हणून एक न वाचता येणारी सही आहे. तिची बोली कोकणा आहे. प्रमाण मराठीतले 'अयशस्वी' हा शब्द मी उच्चारला तेव्हा तिने माझ्याकडे नुसते पाहिले.

मी तो सगळा कागद तिला वाचून दाखवला, जिथे अडले तिथे सोप्या शब्दांत. दोन आठवड्यांच्या वाक्याशी तिने मला थांबवले आणि विचारले, "पण मला पाळी येतच नव्हती, तर चुकली कशी कळणार?" वीस वर्षांत इतका अचूक उलटतपास मी क्वचित ऐकला आहे. बाळंतपणाच्या पाचव्या दिवशी शस्त्रक्रिया होणाऱ्या, बाळाला अंगावर पाजणाऱ्या बाईला 'पाळी चुकली तर ये' हा सल्ला छापील कागदावर देणे आणि पाळी परत आलीच नाही तर काय करायचे हे न सांगणे, यात मला तो कागद कोणासाठी लिहिला आहे, हे दिसते.

इंग्लंडमध्ये थेक विरुद्ध मॉरिस नावाचा एक खटला झाला, त्याची इथे आठवण येते. एका रेल्वे कर्मचाऱ्याने 1975 मध्ये नसबंदी करून घेतली. ती पुढे आपोआप उलटू शकते, हे सर्जनने त्या दांपत्याला सांगितले नाही. बायकोला दिवस गेले तेव्हा तशी शक्यताच तिच्या मनात नसल्याने तिने लक्षणांकडे लक्ष दिले नाही, आणि कळले तोवर गर्भपाताची वेळ गेलेली होती. तिथल्या अपील न्यायालयाने शस्त्रक्रियेला दोष दिला नाही. दोष दिला तो न सांगण्याला. सांगितले असते तर तिने वेळेत ओळखले असते, हा त्या निकालाचा कणा आहे. पुढे 1999 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निरोगी मुलाच्या संगोपनाचा खर्च देण्याचे दार तिकडेही लावून घेतले, पण तो वेगळा विषय झाला. मला त्या जुन्या खटल्यातली विचारसरणी आपल्याकडच्या, पाच महिने उलटल्यावर कळलेल्या बाईंसाठी जास्त जवळची वाटते.

आपल्याकडे संमतीवरचा महत्त्वाचा निकाल म्हणजे समीरा कोहली खटला, जानेवारी 2008. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका 44 वर्षांच्या स्त्रीचे गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईच्या होकारावर काढून टाकण्यात आले होते. न्यायमूर्ती रवींद्रन यांनी लिहिले की, तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती होत नाही, सज्ञान आणि सक्षम स्त्रीच्या वतीने दुसरे कोणी होकार देऊ शकत नाही, आणि संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, हेतू, पर्याय आणि मोठे धोके तिला सांगितलेच पाहिजेत. त्याच वेळी, प्रत्येक दूरचा धोका सांगण्याचे बंधन डॉक्टरवर घातले नाही. भारतातले गर्दीचे दवाखाने डोळ्यांपुढे ठेवून न्यायालयाने मधली वाट काढली. मग दहा वर्षांत साधारण पन्नास-पंचावन्न बायकांत एकीला राहणारा गर्भ हा 'दूरचा' धोका म्हणायचा का? माझ्या मते नाही, कारण ज्या एकाच कारणासाठी बाई टेबलावर झोपते, ते कारणच त्यात निष्फळ होते.

एक कबुली इथेच देते. माझी स्वतःची दुसरी प्रसूती नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात सिझेरियनने झाली. आत नेताना सिस्टरने विचारले, "मॅडम, टाके घालताना नळ्याही बांधून टाकायच्या ना? साहेबांना विचारलंय." मी हो म्हटले आणि तीन-चार ठिकाणी सह्या केल्या, एक ओळही न वाचता. नवऱ्याची संमती या शस्त्रक्रियेला नियमाने लागत नाही; विचारायला हवे होते ते मला, आणि तेही ट्रॉलीवर झोपवण्याआधी. कित्येक वर्षांनी त्याच डॉक्टरांना मी म्हटले की, हे फेल जाऊ शकते असे तुम्ही मला सांगितले नव्हते, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुम्ही वकील! तुम्हाला आम्ही काय सांगायचं!" पेठच्या बाईला सांगितले नाही कारण तिला कळणार नाही असे गृहीत धरले, आणि मला सांगितले नाही कारण मला माहीतच असणार असे गृहीत धरले.

आता कायद्याची वाट. सरकारी दवाखान्यात सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, हे 1995 च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालापासून ठरले आहे. त्यामुळे खासगी रुग्णालयात पैसे भरून शस्त्रक्रिया झाली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येते. सरकारी दवाखान्यातली बाई मात्र दिवाणी न्यायालयात, तेही राज्याला दोन महिन्यांची आगाऊ नोटीस देऊन. स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी सहाय्य मिळते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून मुद्दाम लिहिते. भरपाईची आणखी एक, सोपी वाट आहे. रमाकांत राय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिलेल्या आदेशांनंतर केंद्राने कुटुंब नियोजन विमा योजना आणली. 2013 पासून ती राज्यांमार्फत चालते. त्यात शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्यास, कोणाचीही चूक सिद्ध न करता, 2013 मध्ये 30,000 रुपये मिळत. पुढे ही रक्कम वाढली. अट एवढीच की अपयश कळल्यापासून 90 दिवसांत अर्ज करायचा. माझी पक्षकार माझ्याकडे आली तेव्हा मुलगी चालायला लागली होती.

संमतीपत्रात याच योजनेबद्दल एक कलम आहे, आणि वकील म्हणून ते वाचताना मला प्रत्येक वेळी राग येतो. योजनेतली रक्कम हीच पूर्ण आणि अंतिम भरपाई समजून त्याहून अधिक काहीही कोणत्याही न्यायालयात मागणार नाही, असे त्यात बाईकडून लिहून घेतलेले असते. भारतीय करार कायद्याचे कलम 28 सांगते की, कायद्याच्या नेहमीच्या मार्गाने हक्क मागण्यास पूर्ण मज्जाव करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक असतो. शस्त्रक्रियेची संमती आणि न्यायालयात न जाण्याची कबुली एकाच अंगठ्याखाली घेणे मला मुळातच पटत नाही. आमच्या नोटिशीला आलेले उत्तर मात्र याच कलमावर बोट ठेवणारे होते: आपल्या पक्षकाराने सर्व अटी समजून घेऊन अंगठा केलेला आहे.

हयगय सिद्ध करायची तर शस्त्रक्रियेची नोंद हवी. केसपेपरवर तिच्या नावासमोर 'दोन्ही नलिका बांधल्या' या अर्थाची एकच ओळ होती, आणि त्या दिवशीच्या सगळ्या नोंदींत तीच ओळ, त्याच अक्षरात. कोणत्या पद्धतीने, काय दिसले, किती भाग काढला, काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर अशा शस्त्रक्रियांची शिबिरे तीन वर्षांत बंद करा असे सांगितले, त्यामागे बिहारमधल्या एका शाळेतले शिबिर होते, आणि निकालाआधी 2014 च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळ एका दिवसात 83 स्त्रियांच्या शस्त्रक्रिया होऊन झालेले मृत्यूही होते. एका दिवसात इतक्या बायका टेबलावर घेणाऱ्या ठिकाणी प्रत्येकीशी कोणी काय बोलले असेल, याची कल्पना करायला वकिली यावी लागत नाही. आणि हे सगळे बायकांच्याच वाट्याला: 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात 37.9 टक्के विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती, पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण 0.3 टक्के. नसबंदी तुलनेने सोपी, आणि ती यशस्वी झाली की नाही हे तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून पाहता येते. तिच्या नवऱ्यापुढे मी हा विषय काढला तेव्हा तो बाहेर विडी ओढायला गेला.

दावा आम्ही दाखल केला नाही. खर्चापेक्षाही तारखांचा प्रश्न होता: प्रत्येक तारखेला एक दिवसाचा रोज बुडणार आणि मालकाकडून घेतलेली उचल फिटायची होती. पण तिचा एक प्रश्न शिल्लक होता, आणि तो कायद्याचा नव्हता. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिला पुन्हा ऑपरेशन करून घ्यायला सांगत होते. "परत केलं तर नक्की होईल का?" मला उत्तर देता येईना, म्हणून मी तिला माझ्या ओळखीच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीकडे घेऊन गेले. मैत्रिणीने केसपेपरची मागची कोरी बाजू घेतली, गर्भाशय आणि दोन नळ्या काढल्या, आधी कुठे बांधले असेल आणि कुठे सुटले असेल ते दाखवले, कोणती नळी उघडी आहे हे तपासता येते ते सांगितले, तांबीचे सांगितले, नवऱ्याच्या नसबंदीचे सांगितले, आणि काहीही केले तरी पाळी लांबली, किंवा आलीच नाही आणि अंगात काही वेगळे वाटले, तर दुसऱ्याच दिवशी लघवीची तपासणी करायची, हे तीनदा सांगून तिच्याकडून एकदा म्हणवून घेतले. मी सवयीने घड्याळ पाहिले होते. सात मिनिटे लागली.

"मग, करायचं का?" मैत्रिणीने विचारले.

बाईने तो चित्राचा कागद मागून घेतला, चार घड्या करून पिशवीत ठेवला आणि मुलीला कडेवर उचलत म्हणाली, "घरी जाऊन विचार करते, मग सांगते."